पॉलिशर खोक्यातच राहू दे, आधी कार्पेट उचल

पत्र असं आलंय:

"दादा, नमस्कार. गाड्यांचं वेड लहानपणापासून आहे पण स्वतःच्या हाताने कधी काही केलेलं नाही. मामांची अकरा वर्षं जुनी हॅचबॅक मी घेतलीये, शिकायला म्हणूनच. रंग पार मेलाय, उन्हात बॉनेटवर गोल गोल बारीक ओरखडे दिसतात, हेडलाइट पिवळे पडलेत, आत कुबट वास येतो आणि ब्रेक मारला की चींऽऽ असा आवाज. व्हिडिओ बघून बघून पॉलिशिंग मशीन मागवलंय, या शनिवारी बॉनेटपासून सुरुवात करायची असं ठरवलंय. मित्र म्हणतो इंजिन धुवून काळं चकाचक कर, आत परफ्यूम मार, विकून टाक आणि त्या पैशात दुसरी घे, धंदा असाच सुरू होतो. बायको म्हणते जॅकवर गाडी चढवून खाली शिरायचं नाही, सरळ मेकॅनिककडे दे. कुठून सुरुवात करू? काय काय विकत घेऊ? आणि यातून खरंच साइड इन्कम होऊ शकतं का? - एक गाडीवेडा"

अरे गाडीवेड्या, शिकायला म्हणून गाडी घेतलीस हे वाचूनच बरं वाटलं, कारण बहुतेक जण आधी विकायचा विचार करतात आणि शिकायचं नंतर बघू म्हणतात. पण शनिवारचा प्लॅन बदल. तू पत्रात पाच गोष्टी लिहिल्यास, ब्रेक, वास, रंग, ओरखडे, हेडलाइट, आणि त्यातून सुरुवातीला नेमकी ती निवडलीस जिच्यात हात चुकला तर परत जागेवर आणता येत नाही. रंग घासला की घासला, तो बाटलीतून परत लावता येत नाही. मळ काढताना चुकलास तर पुन्हा धुता येतं, सीट डागाळली तर पुन्हा साफ करता येते, पण रंगाचं तसं नाही. म्हणून माझा क्रम साधा आहे, ज्याने जीव जाऊ शकतो ते सगळ्यात आधी, मग ज्याने गाडी आतून कुजतेय ते, मग धुणं, आणि जे परत करता येत नाही ते सगळ्यात शेवटी.

तर पहिलं ब्रेक. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, पॅड झिजत आलं की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, घासते आणि ओरडते, म्हणजे तो आवाज मुद्दाम ठेवलेला इशारा असतो. नुसती धूळ बसली असेल, रात्रभर ओलाव्याने डिस्कवर हलका गंज धरला असेल तरी सुद्धा आवाज येतो पण तो दोनचार वेळा ब्रेक दाबला की जातो. तुझा जात नाहीये असं दिसतंय. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघ, डिस्कला चिकटून जे पॅड दिसतं त्याचा लोखंडी पाठीचा भाग सोडून घासणारा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर बदलायची वेळ झाली. आतल्या बाजूचं पॅड बाहेरून नीट दिसत नाही आणि कधीकधी तेच जास्त झिजलेलं असतं, त्यामुळे बाहेरचं जाड दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. आणि चींच्या ऐवजी खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज यायला लागला तर गाडी तिथेच उभी कर. हे काम मेकॅनिककडेच दे, मात्र गाडी सोडून येऊ नकोस, त्याला विचारून बाजूला उभा राहा, जुनं पॅड हातात घेऊन बघ, डिस्कला कडेला धार आलीये का ते बोट न कापता बघ, ब्रेक ऑइल किती वर्षांपूर्वी बदललं ते विचार. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, पाणी वाढलं की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि लांब उतारावर पेडल मऊ पडू शकतं. साधारण २ वर्षांनी बदलायला सांगतात बऱ्याच कंपन्या, तुझ्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघ.

बायकोचं म्हणणं अर्धं एकदम बरोबर आहे. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, मग तो कितीही मजबूत वाटो, यात चर्चाच नको. कधी चाक काढायची वेळ आली तर सपाट आणि कडक जमीन, हँडब्रेक, उलट्या टोकाच्या चाकाला पुढून मागून ठोकळे, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक, आणि गाडी उचलल्यावर लगेच जॅक स्टँड (गाडीचं वजन धरून ठेवणारा लोखंडी आधार), मग गाडीला हाताने हलवून बघायचं आणि मगच काम. जुन्या गाडीत जॅक लावायची जागाच गंजून पोकळ झालेली असू शकते, ती आधी तपास. नट परत लावताना समोरासमोरचे घट्ट करत जायचं, शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे किती घट्ट केलं ते मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला, आणि ५०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासायचे. पण मजेची गोष्ट अशी की सध्या तुला जे शिकायचंय त्यातलं नव्वद टक्के काम गाडीखाली न जाता होतं, हे तिला सांग, दोघांची काळजी मिटेल.

आता वास. परफ्यूमचा तर विचारही करू नकोस. कुबट वास म्हणजे कुठेतरी पाणी आहे, आणि ते पाणी शोधणं हाच तुझा पहिला खरा धडा आहे असं मी म्हणेन. फूटमॅट काढ, कार्पेटवर हाताचा तळवा दाबून बघ, वरून कोरडं लागलं तरी खालचा फोम ओला असतो म्हणून कडेची प्लास्टिक पट्टी उचकटून कार्पेट उचल आणि फोम पिळून बघ. आता कुठे ओलं आहे त्यावरून पाणी कुठून येतं ते कळतं. डॅशबोर्डच्या खाली पाय ठेवायच्या जागी ओलं असेल आणि एसी चालवल्यावर वाढत असेल तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलीये, एसी चालू असताना गाडीखाली थेंब थेंब पडायला हवं ते पडत नसेल तर हेच. धुतल्यावर किंवा पावसानंतर ओलं होत असेल तर समोरच्या काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते तिथे पाला साचलाय का ते बघ, तिथलं पाणी खाली जायची भोकं बुजली की ते आत शिरतं. दरवाजाच्या खालच्या कडेला पण पाणी निघून जायची छोटी भोकं असतात, ती पण बुजतात, आणि दरवाजाच्या आतला प्लास्टिकचा पडदा फाटला असेल तर पाणी थेट आत येतं. सनरूफ असेल तर त्याच्या चारी कोपऱ्यांच्या नळ्या. डिकीत ओलं असेल तर मागच्या दिव्यांचं रबर. आणि हातावर येणारं पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल, समोरच्या काचेवर आतून तेलकट थर धरत असेल तर ते पाणी नाही, कुलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे, हिटरचा छोटा रेडिएटर गळतोय, आणि ते काम मोठं असतं. बघ ना, एका वासापायी तुला गाडीचे किती भाग माहीत झाले, परफ्यूमच्या बाटलीने यातलं काय शिकवलं असतं.

गळती बंद केल्याशिवाय आतली सफाई सुरू करू नकोस. नंतर केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बदल, तो बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि अकरा वर्षांत कुणी हातच लावलेला नसण्याची शक्यता भरपूर. मग कोरडी सफाई, आधी ब्रश आणि व्हॅक्यूम, सीटच्या खोबणीत, रेलमध्ये, कार्पेटचे केस ब्रशने उभे करून उभेआडवे दोन्ही बाजूंनी, यात घाई करतात लोक आणि मग शॅम्पू मारला की सगळ्या धुळीचा चिखल होतो. कापडी सीटवर क्लीनर कमीत कमी पाणी वापरून, ब्रशने घासून, लगेच टिपून किंवा वेट व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा, आणि त्याच दिवशी पंखा लावून दारं उघडी ठेवून वाळवायचं, सीटच्या आत पाणी राहिलं तर जो वास घालवायला निघालास तोच परत येईल. दूध, उलटी, प्राण्यांचं मूत्र असल्या गोष्टींचा वास एन्झाइमवाल्या क्लीनरने जातो, तो पुसायची घाई न करता डागावर ओला राहू द्यावा लागतो. डॅशबोर्डवर ते चकाचक तेलकट स्प्रे मारू नकोस, उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता दिसत नाही, प्लास्टिक मूळचं मॅट होतं ते मॅटच चांगलं दिसतं. पेडल, स्टिअरिंग, टायरचा रस्त्याला लागणारा भाग, ब्रेक डिस्क यांच्यावर असलं काही चुकूनही जाता कामा नये.

एक महत्त्वाचं, सीट काढून साफ करायचा मोह होईल. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळी वायर दिसली तर ती एअरबॅगची किंवा सीटबेल्ट खेचणाऱ्या यंत्रणेची असते, तिला हात लावायचा नाही. ज्याला माहिती आहे तो आधी बॅटरी काढतो, मॅन्युअल सांगेल तेवढा वेळ थांबतो आणि मगच पुढे जातो. तू सध्या सीट पुढे मागे सरकवूनच भागव.

आता बाहेरून धुणं. तुझ्या बॉनेटवरचे ते गोल ओरखडे पॉलिश न केल्यामुळे आलेले नाहीत, ते चुकीच्या धुण्यामुळे आलेत, कोरड्या फडक्याने धूळ पुसून, एकाच बादलीत तोच घाणेरडा स्पंज बुडवून बुडवून. म्हणजे पॉलिश करून ते काढलेस आणि धुणं तसंच ठेवलंस तर दोन महिन्यांत परत येतील आणि मधल्या मध्ये रंग तेवढा पातळ झाला. म्हणून धुणं नीट शिकल्याशिवाय मशीन उघडू नकोस असं मी इतकं ठासून सांगतोय. सावलीत, पत्रा थंड असताना. चाकं आधी आणि त्यांची बादली, ब्रश, फडकी सगळं वेगळं, कारण ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. मग पाण्याच्या फवाऱ्याने जेवढी माती हात न लावता जाईल तेवढी घालवायची. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी आणि दुसरीत नुसतं पाणी, मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शॅम्पूत बुडवायचा, आणि छतापासून खाली यायचं, दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी कारण खडे तिथेच असतात. सरळ रेषेत हात फिरव, गोल गोल नको. भांड्याचा साबण रोज वापरायचा नाही, तो मेण उतरवतो. मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घे, रगडू नकोस, आणि टॉवेल जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता तो बाद.

धुऊन झाल्यावर एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाल आणि बॉनेटवरून हळू फिरव. हाताला खरखर लागेल, ती माती नाही, रंगात रुतलेले कण आहेत. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने जातात. लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर असतो, तो मारला की जांभळा होतो आणि वास भयंकर येतो, मोकळ्या हवेत कर, हातमोजे घाल, आणि तो वाळायच्या आत धुऊन टाक. उरलेलं क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण उचलणाऱ्या मातीसारख्या मऊ वडीने, भरपूर चिकणं द्रव मारून, जोर न लावता, क्ले दुमडत दुमडत. क्ले जमिनीवर पडला तर कचऱ्यात, धुऊन वापरू म्हणायचं नाही. आता परत पिशवीतून हात फिरव, काचेसारखं लागेल. खूप जण इथपर्यंत आले की म्हणतात अरे गाडी एवढी चमकते, आता पॉलिश कशाला, आणि अकरा वर्षांच्या गाडीला ते उत्तर बरोबर सुद्धा असू शकतं.

बरं, आता तुझं मशीन. आधी समज की तू नक्की काय घासणार आहेस. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून ढोबळ १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे प्रिंटरच्या एकदीड कागदाएवढी, आणि त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉन. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारा थर तोच आणि पॉलिश म्हणजे त्यातलेच थोडे मायक्रॉन काढून पृष्ठभाग सपाट करणं, ओरखडा बुजत नाही, त्याच्या आजूबाजूचा भाग त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. त्यामुळे नखाची परीक्षा लक्षात ठेव, ओरखड्यावरून नख आडवं फिरवलं आणि ते अडकलं तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही, त्याच्या मागे लागू नकोस, थोडा पुसट करून सोडून दे. ही सोडून देण्याची सवय चांगल्या डिटेलरची (गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्याची) ओळख आहे असं मी मानतो.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळतं, मशीनआधी ते घेतलं असतंस तर मला जास्त आवडलं असतं. एका पॅनलवर दहाबारा ठिकाणी मोज. कुठे बाकीच्यापेक्षा खूप कमी आकडा आला तर तिथे आधीच कुणीतरी बफिंग करून ठेवलंय, हात लावू नकोस. कुठे २०० च्या पुढे गेला तर बहुधा परत रंगवलेलं आहे, आणि कुठे एकदम हजाराच्या आसपास गेला तर खाली पुट्टी आहे, म्हणजे ठोकलेली गाडी. मामांना विचार मग. साधं मीटर लोखंडी पत्र्यावरच चालतं, अ‍ॅल्युमिनियमसाठी त्यावर वेगळी सोय लागते, आणि प्लास्टिक बंपरवर हे नेहमीचं मीटर काही दाखवणार नाही. अजून एक बघ, बॉनेटवर किंवा छतावर पांढरे सालपटासारखे डाग असतील तर तिथला क्लिअर कोट संपलाय, त्याला कुठलंही पॉलिश लागू पडत नाही, तिथे रंगच द्यावा लागतो. हे पटत नाही म्हणून घासत बसणारे खूप.

मशीन कुठल्या प्रकारचं घेतलंस ते लिहिलं नाहीस. गोल फिरताना थोडं हलतं ते ड्युअल अ‍ॅक्शन असेल तर ठीक, नवख्याला तेच योग्य, दाब जास्त पडला की बऱ्याच मशीनमध्ये पॅडचं फिरणं मंदावतं त्यामुळे चूक लवकर जळण्यापर्यंत जात नाही. सरळ एकाच अक्षावर फिरणारी रोटरी असेल तर परत करून बदलून घे, ती एका जागी थोडी जास्त वेळ राहिली तरी रंग जाळते. आणि शिकायचं मामांच्या बॉनेटवर नाही, भंगारवाल्याकडून कुठल्याही गाडीचं बॉनेट किंवा मडगार्ड घेऊन ये, त्यावर मुद्दाम चुका कर. कडेवर मशीन टेकव आणि बघ किती लवकर खालचा रंग दिसायला लागतो, मग आयुष्यात कडांना मास्किंग टेप लावायला विसरणार नाहीस.

खऱ्या गाडीवर आलास की एका दरवाजावर दोन फूट बाय दोन फूटची जागा आखून घे आणि तुझ्याकडच्या सगळ्यात मऊ पॅडने आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात कर. पॅडवर वाटाण्याएवढे तीनचार थेंब, मशीन टेकवून मगच चालू करायचं, नाहीतर पॉलिश भिंतीभर, आणि हात एकदम सावकाश, उभे आडवे तीनचार फेरे. मग पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल साधारण १० ते १५ टक्के मिसळून त्याने पुसून टाक आणि टॉर्च लावून बघ, कारण पॉलिशमधली तेलं ओरखड्यात बसून ते लपवतात आणि दोन धुण्यांनी परत वर येतात. पुरेसं वाटलं तर हीच जोडी सगळ्या गाडीला. नाही वाटलं तर आधी पॉलिश थोडं कडक घे, मग पॅड, एकावेळी एकच गोष्ट बदल. पॅडवर गाडीचा रंग उतरायला लागला तर थांब, गाडीला क्लिअर कोट नसलेला जुन्या पद्धतीचा एकथरी रंग असेल तर ते स्वाभाविक आहे पण क्लिअर कोटवाली गाडी असेल तर तू क्लिअर कोट ओलांडलास. प्लास्टिक बंपरवर पत्र्यापेक्षा उष्णता जास्त साचते म्हणून तिथे दर फेऱ्याला हात लावून बघत जा. आणि सगळे ओरखडे घालवायचे नाहीत, सत्तर टक्के गेले की थांब, पुढचे तीस टक्के काढायला जो क्लिअर कोट खर्ची पडतो तो पुढच्या दहा वर्षांचा असतो.

वर संरक्षण म्हणून काहीतरी लावायलाच हवं. मेण काही आठवडे ते दोनतीन महिने, सिंथेटिक सीलंट त्याहून जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंगच्या मागे आत्ता लागू नकोस, खाली जे ओरखडे राहिलेत ते तो वर्षानुवर्षं तसेच बंद करून ठेवतो आणि चुकून डाग पडला तर काढायला परत पॉलिशच करावं लागतं.

हेडलाइटचं काम मात्र या रविवारी सुद्धा करू शकतोस, शिकायला याच्यासारखं काम नाही कारण तासाभरात फरक दिसतो. ती काच नसून पॉलीकार्बोनेट असतं, वरचा अतिनील किरण अडवणारा थर उन्हाने मरतो आणि पिवळा पडतो. आजूबाजूच्या रंगाला टेप लाव, मग ओला वॉटर पेपर ८०० किंवा १००० नंबर, मग १५००, २०००, ३०००, प्रत्येक नंबरला दिशा बदलायची आणि आधीच्या नंबरच्या रेषा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. ३००० झाल्यावर पॉलिश. पण इथेच थांबलास तर थोड्याच महिन्यांत परत पिवळे होतील कारण जुना थर तूच काढून टाकलायस, म्हणून शेवटी अतिनील किरण अडवणारा पारदर्शक कोट लावलाच पाहिजे. टूथपेस्टवाले उपाय सोड, दोन आठवड्यांची चमक आहे ती. पिवळेपणा आतून असेल किंवा आत पाणी दिसत असेल तर बाहेरून घासून काही होणार नाही.

दगडाचे टवके असतील तर रंगाचा कोड दरवाजाच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर सापडतो, टच-अपची बाटली त्या कोडची घे आणि जाड थेंब टाकण्यापेक्षा पातळ तीनचार थर दे. मोठा भाग रंगवायचं मनात असेल तर ऐक, हार्डनर मिसळायचा जो टू-के क्लिअर असतो त्यात आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसात गेलं तर दमा कायमचा मागे लागू शकतो आणि साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही. ते काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि वेगळी स्प्रे बूथ असलेल्या पेंटरचं आहे, घरात, जिथे घरच्यांचा वावर आहे तिथे करू नकोस.

मित्राच्या सल्ल्यावर येतो. इंजिन धुवून काळं करायचं ते खरेदीदाराला गळती दिसू नये म्हणून, हे तुलाही माहितीये. मी उलटं सांगतो, इंजिन थंड असताना अल्टरनेटर, हवेचं तोंड, फ्यूज बॉक्स पिशवीने झाकून, हाय प्रेशर न वापरता, सौम्य डिग्रीझर आणि ब्रशने स्वच्छ कर, आणि मग गाडी आठदहा दिवस चालव. आता स्वच्छ इंजिनावर जिथे ओला डाग दिसेल तिथे गळती आहे, हे बघायला म्हणून इंजिन धुवायचं असतं. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी केबलच्या जवळपास सुद्धा जाऊ नकोस. विकायची वेळ येईल तेव्हा काय दुरुस्त केलं, काय तसंच सोडलं, कुठला पॅनल रंगवलेला निघाला हे सगळं कागदावर लिहून फोटोंसकट खरेदीदाराच्या हातात दे. समोरचा माणूस त्या गाडीत लेकरांना बसवून हायवेला जाणार आहे. माझ्यासाठी विषय तिथे संपतो.

साइड इन्कम होऊ शकतं, पण माझ्या मते आधी डिटेलिंगमधून, गाड्या घेऊन विकण्यातून नंतर. ओळखीच्यांच्या गाड्या आतून बाहेरून स्वच्छ करून दे, पॉलिश नाही, नुसती नीट सफाई आणि मेण, त्यालाच लोक पैसे देतात. गाडी ताब्यात घेतानाच सगळ्या बाजूंनी फोटो काढ, आधीचे ओरखडे मालकाला दाखव, नंतरची भांडणं तिथेच मिटतात. घेऊन विकायचं असेल तर तुझ्याकडे वर्षाला किती गाड्यांनंतर परवाना लागतो, कर काय, हे पहिली गाडी घ्यायच्या आधी विचारून घे. आणि तुझे तास मोज. लोक सामानाचा खर्च धरतात आणि स्वतःचे तीन शनिवार-रविवार फुकट धरतात, मग नफा झाला असं वाटतं.

दुसरी गाडी घ्यायला जाशील तेव्हा हेच सगळं ज्ञान उलटं वापर. इंजिन थंड असतानाच बघायला जा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर का ते विचार. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कुलंट इंजिनात जातंय, तिथून निघ. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ, पुरात बुडालेल्या गाडीच्या बेल्टवर आत गुंडाळलेल्या भागात मातीची रेघ सापडू शकते, वरून कितीही धुतली असली तरी. सीटच्या रेलवर गंज, स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात बारीक गाळ, हे पण. मडगार्डच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल तर तो पॅनल उघडला गेलाय. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जवळ ठेव, आणि नुसते एरर कोड नाही तर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, सुद्धा बघ, एकही कोड नाही आणि बरेच मॉनिटर अपूर्ण दाखवतायत तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. पॅनलवरचा गंज घासून बरा होतो, पण चासी, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, दरवाजाखालचा सिल, इथे टोकरल्यावर पापुद्रे निघत असतील तर रंग कितीही सुंदर असू दे, ती गाडी सोडून दे.

काय विकत घेऊ विचारलंस, तर दोन बादल्या, मिट, पंधरावीस चांगले मायक्रोफायबर, गाडीचा शॅम्पू, दोनतीन ब्रश, क्ले, व्हॅक्यूम घरात असेलच, हातमोजे, डोळ्याला चष्मा, एक चांगली टॉर्च, जाडीचं मीटर. जॅक स्टँड कधीतरी लागतीलच तर ते घेताना पैसे वाचवू नकोस. बाकी लागेल तसं घेत जा.

आणि एक तुझ्या पत्रात कुठेच नाहीये. अकरा वर्षांच्या गाडीला टायमिंग चेन आहे की बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवून ठेवणारा) ते मॅन्युअलमध्ये बघ, आणि बेल्ट असेल तर तो कधी आणि किती किलोमीटरला बदलला ते मामांना विचार, बिल असेल तर मागून घे. बऱ्याच इंजिनांमध्ये तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच जातं. मामांना आठवत नसेल तर बदललेला नाही असंच धर, आणि ब्रेकसाठी मेकॅनिककडे जाशील तेव्हाच त्याची पण वेळ ठरवून ये.